खिडकीतला पेला

आगमनकाळाचे पहिले दोन रविवार उलटले की पुनावळ्यात थंडी खऱ्या अर्थाने उतरते. पवनेकडून येणारा वारा रात्री कोयते वस्तीच्या चौकातून शिरतो, पत्रे ठोकून कुंपण घातलेल्या नव्या बांधकामांतून फिरतो आणि अकराव्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येऊन आपली ओळख देतो. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्यानंतर शेते आक्रसत गेली, मनोरे उंचावत गेले, महामार्गाखालच्या बोगद्यापाशी वाहनांच्या रांगा लागू लागल्या; थंडी मात्र अजून जुन्या गावाचीच आहे. ती वरच्या मजल्यावरील माणसाला शाल शोधायला लावते, आणि खाली फाटकाशी बसलेल्या रखवालदाराला व बांधकामावरील मजुराला लाकडाच्या ढलप्या गोळा करून शेकोटी पेटवायला लावते.

अशा रात्री घरोघर मसाल्याचा चहा होतो. चहा कसा करावा हे सांगण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. तरी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण पुष्कळ घरांत तो बिघडवला जातो. आले ठेचून आधी पाण्यात घालावे व पाण्याला चांगली उकळी येऊ द्यावी. कच्चे आले दुधात पडले तर दूध फाटण्याची भीती असते, कारण आल्यात दूध साकळवणारे एक पाचक द्रव्य आहे आणि ते उकळीनेच निष्प्रभ होते. गच्चीतल्या कुंडीत गवती चहा असेल तर त्याची दोन पाती, सालासकट ठेचलेले दोन वेलदोडे, एखादी लवंग आणि चिमूटभर सुंठ एवढे पुरे. मिरीचे दाणे थंडी कडक असेल तरच घालावेत. दालचिनीचा हात आखडता ठेवावा, नाही तर चहाला काढ्याची कळा येते. मग साखर, मग पत्ती, आणि वेगळे तापवलेले दूध सर्वांत शेवटी. आच मंद करून झाकण ठेवले की जो वास घरभर पसरतो, तो नाताळच्या करंज्यांच्या वासाइतकाच आमच्या मनात या दिवसांशी जोडला गेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात चहाचा प्रचार करणाऱ्यांना हा मसाला मुळीच पसंत नव्हता. मसाला घातला की पत्ती कमी लागते आणि खप घटतो, ही त्यांची काळजी. लोकांनी त्यांचे ऐकले नाही, हे फार बरे झाले.

इतक्या निरुपद्रवी पेयात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे वाचक विचारतील. आम्हांलाही तो दिसला नव्हता. गेल्या नाताळपूर्वीच्या आठवड्यात धर्मग्रामातील तरुणांचे गाण्यांचे पथक आमच्या घरी आले, तेव्हा तो दिसला.

पथकात बावीस माणसे होती. गिटार होती, ढोलकी होती, लाल टोपी घातलेला आणि कापसाची दाढी सतत घसरणारा नाताळबाबा होता. गाणी म्हणून झाली, प्रार्थना झाली आणि मोठ्या पातेल्यात चहा उकळू लागला. घरातले बारा कप, शेजारून मागून आणलेले सहा, आणि राहिलेल्यांसाठी कागदी कप, असा जमाखर्च ठरला. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी त्या दिवशी मदतीला म्हणून उशिरापर्यंत थांबल्या होत्या. त्या मूळच्या परभणीकडच्या. पहिल्या फेरीचे कप त्यांनीच विसळले, पुसले आणि दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा मांडले. सर्वांचा चहा ओतून झाल्यावर त्यांनी खिडकीच्या कट्ट्याकडे हात नेला, तेथला स्टीलचा पेला उचलला आणि उरलेला चहा त्यात ओतून घेतला. पथकातल्या एका मुलीने, पाहुणी म्हणून तिला काही ठाऊक नसल्यामुळे, फुलांचा एक स्वच्छ कप त्यांच्यापुढे केला. मावशी हसून म्हणाल्या, "असू द्या ताई, माझा पेला हाय की."

त्याच वेळी एक मुलगा रखवालदारासाठी कागदी कपात चहा घेऊन खाली गेला. सर्वांना चहा मिळाला. कोणी उपाशी राहिले नाही, कोणाचा अपमान झाला नाही, कोणी कोणाला दुखावणारा शब्द उच्चारला नाही. पथक पुढच्या घरी गेले. आमच्या मनात मात्र ‘माझा’ हा एक शब्द रेंगाळत राहिला.

तो पेला त्यांचा कधी झाला? आठवू गेलो तेव्हा असे आठवले, की त्या कामाला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात, काठाला पोचा आल्यामुळे घरात कोणी वापरत नसलेला एक पेला त्यांना चहासाठी दिला गेला आणि धुऊन तो खिडकीत ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी तोच दिला गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतःच घेतला. हा पेला वेगळा ठेवा, असे घरात कोणीही कधी म्हणाले नाही. आम्ही त्यांची जात कधी विचारली नव्हती आणि त्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता. न विचारताही, ती ठाऊक असल्यासारखे आमचे घर चार वर्षे वागत होते. पापनिवेदनापूर्वी विवेकाची तपासणी करताना आपण दहा आज्ञा एकेक करून आठवतो. खिडकीतला पेला कोणत्या आज्ञेखाली येतो, हे आम्हांला सापडेना. हेतू नाही, शब्द नाही, कृतीही म्हणावी तर उदारपणाचीच, कारण चहा तर रोज न चुकता दिला जात होता.

चहाच्या कपाचा प्रश्न पुण्याला नवा नाही. वाचकांपैकी जुन्या मंडळींना पंचहौद मिशनचे प्रकरण ठाऊक असेल. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. कार्यक्रमानंतर मिशनच्या लोकांनी चहा व बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप हाती घेऊन तसाच खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, जमलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, बहिष्काराची भाषा झाली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेही मुख्यतः आपल्या मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून. त्यांच्या पत्नी रमाबाई यांना ते रुचले नव्हते, आणि आपल्या आठवणींत त्यांनी तसे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

ही गोष्ट सांगताना आपण बहुधा त्या कर्मठपणाला हसतो. एका कप चहासाठी एवढे महाभारत, असे म्हणतो. पण त्या कथेत ख्रिस्ती माणूस कोठे उभा आहे, याकडे आमचे लक्ष या वेळी प्रथमच गेले. पंचहौद मिशन अँग्लिकन पंथाचे; पवित्र नामाचे ते मंदिर व त्याचा उंच मनोरा आजही गुरुवार पेठेत उभा आहे. पंथ आपला नव्हता, पण चहा देणारा हात ख्रिस्ती होता, आणि वाद होता तो त्या हाताबद्दल. चहा वाईट नव्हता. त्यात निषिद्ध काही मिसळलेले नव्हते. देणाऱ्याच्या स्पर्शाने तो पिणाऱ्याला बाटवणारा ठरला होता. म्हणजे आपण त्या गोष्टीत विटाळ करणाऱ्यांच्या बाजूला होतो.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. नगर जिल्ह्यातून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आलेल्या आपल्या कुटुंबांपैकी किती घरांत आजोबांच्या कपाची गोष्ट सांगितली जात असे, हे ज्याने त्याने आठवावे. आमच्या घरात ती सांगितली जाई. गावच्या हॉटेलाबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेले दोन कप पालथे घातलेले असत. आजोबांनी त्यातला एक घ्यायचा, लांबून ओतलेला चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. बाप्तिस्मा झाला, गळ्यात क्रूस आला, नाव बदलले; कोनाडा तोच राहिला. आजोबा ही हकीकत न चिडता सांगत. चहा मात्र फक्कड असायचा, असेही सांगत. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉक्टर आंबेडकरांनी जो प्रश्न उभा केला, आणि सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत जो गावोगाव नेला, तोच हा प्रश्न. आजोबांच्या गावी तो चहाच्या कपापुरता आला होता.

पुढे कायदा झाला. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नाहीशी केली आणि १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहांत ठेवलेली भांडी वापरण्यास जातीवरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. कोनाड्यातल्या कपाला त्या कायद्यात जणू नाव घेऊन उत्तर दिले आहे. पण कायद्याचे कलम हॉटेलाच्या पायरीपर्यंत येते. आमच्या खिडकीच्या कट्ट्यापर्यंत ते येत नाही आणि येऊही नये. घरात कोणाला कोणत्या भांड्यात काय द्यावे हे सरकारने पाहू लागणे आम्हांलाही सोसणार नाही. तेथे माणसाबरोबर त्याची विवेकबुद्धी तेवढी असते, आणि आमची विवेकबुद्धी चार वर्षे त्या पेल्याजवळून रोज जात होती.

याला एक तयार उत्तर आहे आणि ते आमच्याही जिभेवर आले: आरोग्य. २०२० च्या महामारीने प्रत्येकाचे भांडे वेगळे असावे हे आपल्याला शिकवले. देवालयांतही तेव्हा पवित्र पाण्याची पात्रे रिकामी झाली होती आणि शांतीचे हस्तांदोलन थांबले होते. तेव्हा वेगळा पेला हा भेदभाव कशाला म्हणावा? हे उत्तर आम्ही प्रामाणिकपणे तपासून पाहिले. ते टिकत नाही. आरोग्यासाठी भांडे वेगळे ठेवायचे तर ते बावीस गायकांसाठीही ठेवायला हवे होते, त्यांच्यापैकी निदान तिघे तरी खोकत होते. शिवाय साबण आणि गरम पाणी माणसामाणसांत फरक करत नाहीत. आणि ज्या हातांनी आमचा प्रत्येक कप आतून-बाहेरून घासला जातो, त्या हातांच्या धनिणीच्या ओठांनाच तो कप वर्ज्य असावा, यात आरोग्यशास्त्राचा कोणता नियम आहे? आरोग्य हा शब्द येथे मागाहून आणलेला आहे. पेला त्याच्या आधीपासून खिडकीत होता.

दुसरे एक उत्तर अधिक सूक्ष्म आहे: कागदी कप. तो सर्वांना सारखा असतो, वापरला की टाकून दिला जातो, म्हणून त्यात उच्च-नीच नाही असे वाटते. समारंभात ते खरेही आहे. परंतु इमारतीतल्या कोणत्याही घरी पाहावे. पाहुण्याला चिनी मातीचा कप, आणि कुरियरवाला, नळ दुरुस्त करणारा, रखवालदार यांच्यासाठी कागदी कपांची चळत कपाटात तयार. भांडे वेगळे ठेवायची लाज वाटू लागली, तेव्हा आपण ते एकदाच वापरायचे केले. त्याच्या ओठांचा कप पुन्हा आपल्या घरात येतच नाही. कोनाड्याचीही गरज उरली नाही. हे लिहिताना आपण फार कठोर होत आहोत की काय, अशी शंका आम्हांला येते. रात्रपाळीच्या माणसाला अकराव्या मजल्यावरून गरम चहा नेऊन देणे ही चांगलीच गोष्ट आहे, आणि जिन्यातून पोर्सेलीनचा कप सांभाळत नेणे काही सोयीचे नाही. प्रभू येशूने तहानेल्याला दिलेल्या पेलाभर थंड पाण्याचेही मोल वाया जाणार नाही असे आश्वासन दिले. पालेस्ताईनच्या उन्हात थंड पाण्याला जे मोल, ते पौषातल्या पुनावळ्यात गरम चहाला असावे. मत्तयच्या त्या अध्यायात पेला कसला होता हे सांगितलेले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात मात्र भांड्याचा प्रश्न आहे. चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची कथा आपण उपवासकाळात ऐकतो. दुपारची वेळ, याकोबाची विहीर, प्रवासाने थकलेला येशू. त्याच्याजवळ पोहरा नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तेथे जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा एक अर्थ ‘एकत्र वापरणे’ असा होतो. म्हणून काही पंडित ते वाक्य असे समजतात, की यहुदी शोमरोन्यांची भांडी वापरत नसत. हा अर्थ घेतला तर त्या स्त्रीचे आश्चर्य आपल्याला, या महाराष्ट्रातल्या माणसांना, भाष्यावाचून कळते. हा गृहस्थ माझ्या घागरीतले पाणी पिणार, हेच तिला खरे वाटत नाही.

या कथेवर आम्ही अनेक प्रवचने ऐकली. बहुतेक सर्व जिवंत पाण्यावर होती आणि ते योग्यच आहे. पण त्या नाताळच्या रात्रीनंतर आम्हांला पहिल्या वाक्याने अडवले. येशू तेथे देऊन सुरुवात करत नाही. मागून करतो. ज्याच्याकडे द्यायला सर्व काही आहे, तो आधी स्वतःला तिच्या उपकारात घालतो. आपला सेवाभाव, आपली परोपकाराची मंडळे, नाताळला गरिबांना वाटली जाणारी ब्लँकेटे, फाटकाशी जाणारा चहा, या सर्वांत आपण देणाऱ्याच्या जागी उभे असतो. ती जागा उंच असते आणि सोयीचीही. पंचहौद मिशनमध्येही मिशनची माणसे देणारी होती आणि शहराची माणसे घेणारी. कसोटी लागली ती घेणाऱ्यांची. कोणाच्या हातचे आपण घेतो, यात माणूस जितका उघडा पडतो, तितका कोणाला आपण देतो यात पडत नाही. आजोबांच्या गावी हॉटेलवाल्याने त्यांना चहा नाकारला नव्हता. त्यांच्या हातचा चहा पिण्याची कल्पना मात्र त्याच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते.

हा दोष आपल्या ख्रिस्तसभेत नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद चालतो हे त्यात स्वच्छ कबूल केले. ज्या पवित्र मेजाशी आपण एका भाकरीचे वाटेकरी होतो, तेथून घरी परतल्यावर मुलांच्या सोयरिकी कशा पाहतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो लिहिणाऱ्याला बरेच शत्रू जोडावे लागतील.

आम्ही काय केले, ते सांगितले पाहिजे. नाताळ झाल्यावर तो पोचा आलेला पेला आम्ही खिडकीतून काढून इतर पेल्यांत मिसळून टाकला आणि सकाळच्या चहाचे सर्व कप एकाच ताटात मांडले. आमची अपेक्षा, खरे सांगायचे तर, थोड्या कौतुकाची होती. मावशींनी आल्याबरोबर खिडकीकडे पाहिले, मग मोरीत, मग ओट्याखाली. पेला सापडेना तेव्हा त्या गोंधळल्या. ताटातला कप त्यांना दिला तेव्हा म्हणाल्या, "नको वहिनी, फुटला-बिटला तर?" चार वर्षांत त्यांच्या हातून आमचा एकही कप फुटलेला नव्हता. आग्रह केला तेव्हा त्यांनी तो घेतला आणि उभ्याउभ्याच, दोन घोटांत, जीभ भाजेल इतक्या घाईने चहा संपवून कप घासून टाकला. खुर्चीवर बसा म्हटले तर म्हणाल्या, काम पडलंय.

तो चहा त्यांना गोड लागला नसावा. पूर्वी त्या आपला पेला घेऊन खिडकीशी टेकत, बाहेर पाहत, सावकाश फुंकर घालून पीत. दिवसातली ती पाच मिनिटे त्यांची होती. ती आम्ही काढून घेतली होती आणि बदल्यात आमच्या मनाला आराम मिळवला होता. येथे आम्ही पुरते अडलो. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देणाऱ्या आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीची कानउघाडणी आहे. पण गरिबाला खुर्चीवर बसवल्यावर तो अवघडला तर काय करावे, हे त्यात नाही. त्यांची सवय म्हणजे त्यांची इच्छा असे मानावे, तर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कोनाडा दाखवला त्यांच्या तोंडून आपण कोनाड्याचे समर्थन वदवून घेत आहोत. त्यांची सवय मोडावी, तर त्यांच्या अवघडलेपणाच्या किमतीवर आपण आपली समता विकत घेत आहोत. समतेसाठी माणसाला हलवायचे, आणि कोठे हलवायचे हे पुन्हा आपणच ठरवायचे, हा मालकपणा काही सुटत नाही. आमच्या एका स्नेह्यांचे मत असे, की अवघडलेपण चार दिवसांचे असते, ते सोसावे आणि सोसू द्यावे. महाडला पाणी पिणाऱ्यांचेही हात थरथरले असतील. ते खरे असेल. पण महाडला ज्यांना पाणी प्यायचे होते ते स्वतः चालत गेले होते.

हळूहळू थोडे सैल झाले. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी कडाक्याची थंडी पडली. पाण्याला हात लावला तर बोटे बधिर होत. त्या दिवशी आम्ही मावशींना विचारले, की तुमच्याकडे थंडीत चहा कसा करता. त्या पहिल्यांदा खुलल्या. आमच्या चहाविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते, हे तेव्हा कळले. वेलदोडा हा पैसे घालवण्याचा प्रकार आहे, थंडीला सुंठ आणि गूळ पाहिजे, दूध नसले तरी चालते, असे त्यांचे म्हणणे. गुळाचा चहा दूध घातल्यावर फाटतो, या आमच्या हरकतीवर त्यांनी भांडे खाली उतरवून मग दूध घालायचे असते, हे साधे उत्तर दिले. त्यांनी तो करून दाखवला. ठसका लागेल इतका तिखट होता आणि अंगात ऊब आणणारा होता. त्या दिवशी त्या खिडकीशी टेकून, फुलांच्या कपातून, पूर्वीच्या सावकाशीने चहा प्यायल्या. चहा त्यांनी केला होता, हे त्याचे कारण असावे.

फेब्रुवारीच्या आरंभी त्यांच्या नातवाचे बारसे झाले आणि आम्हांला बोलावणे आले. पत्र्याच्या छपराची, एकाला एक लागून असलेली खोल्यांची रांग. त्यात त्यांची एक खोली. आम्ही गेलो तेव्हा गर्दी ओसरली होती. आम्हांला लोखंडी पलंगावर बसवले, पलंगावर नवी चादर होती. स्टोव्हवर चहा उकळत होता आणि सुंठीचा वास येत होता. मावशींनी फळीवरच्या खोक्यातून दोन कप काढले. ते अगदी नवे होते, तळाला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. ते त्यांनी पुन्हा एकदा धुतले, पदराने पुसले आणि चहा भरून आमच्या हाती दिला. घरातल्या इतरांनी आपापला चहा स्टीलच्या पेल्यांत घेतला. मावशी जमिनीवर, नातवाला मांडीवर घेऊन बसल्या आणि फुंकर घालून पिऊ लागल्या.

आम्हांलाही पेल्यातच द्या, असे म्हणावे असे क्षणभर मनात आले. पण ते कप आमच्यासाठी आणलेले होते. आम्ही काही बोललो नाही. चहा प्यालो, आणि त्यांनी विचारले तेव्हा आणखी अर्धा कप मागून घेतला.